हुडक्याच्या जागी

आमच्या छापखान्यात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "ताई, मागच्यासारखंच करा."

मागच्या म्हणजे कुठल्या, हे विचारायची सोय नव्हती. थोरलीच्या लग्नात केली होती तशी पत्रिका, चुलत्याच्या उत्तरकार्याला छापलं होतं तसं कार्ड, मागच्या गणपतीत होतं तसं पावतीपुस्तक. त्याच्या घरातलं ते कार्य आमच्या लक्षात नसेल ही कल्पनाच गिऱ्हाइकाला शिवत नसे. आम्ही मात्र त्या एका मोसमात इतकी लग्नं लावलेली असायची की दोन नवऱ्यांची अदलाबदल झाली नाही यातच समाधान मानायचं.

या अंकाच्या संपादकांनी छापखान्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत, त्या सांगेनच. पण कामाचा विषय निघाला की मला आधी आठवतो तो एक अस्वस्थ काळ. कॉम्प्युटरवरचा माझा एक आवडता प्रोग्राम निकामी झाला होता आणि मी त्याच्या जागी दुसरा शोधत होते. ऐकायला फार किरकोळ वाटतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

छापखाना भिवंडीत, कल्याण नाक्यापासून आत एका गल्लीत. दोन्ही बाजूंना कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने, त्यामुळे आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. माझे यजमान शाळेत मास्तर. ते घरी म्हणायचे, "अगं, इथे लूम नाहीत, हळू बोल." मालक होते वैद्यकाका आणि छपाईचं मशिन चालवायचे रफीकभाई. मी ऐंशीच्या दशकात तिथे लागले तेव्हा शिशाचे खिळे जुळवायचं काम होतं. एकेक अक्षर खणातून उचलायचं, ओळ बसवायची, आणि छापून झालं की सगळी अक्षरं ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायची. म्हणजे काम संपलं की मजकूरही संपला. "मागच्यासारखंच" म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मग काकांनी कॉम्प्युटर घेतला. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि मराठी उमटावं म्हणून आत बसवलेलं एक वेगळं कार्ड. तो बसवायला कल्याणहून नाडकर्णी म्हणून गृहस्थ आले होते. जाताना त्यांनी एका फ्लॉपीवरून एक छोटासा प्रोग्राम टाकून दिला. "ताई, हा ठेवा. उपयोगी पडेल," एवढंच म्हणाले.

त्या प्रोग्रामला एखादा शब्द द्यायचा. मग तो मशिनमधली एकेक फाईल उघडून आत डोकवायचा आणि ज्या ओळीत तो शब्द असेल ती ओळ पडद्यावर आणून ठेवायचा. फाईलचं नाव आठवायची गरज नाही. आणि ती नावं आठवण्यासारखी नव्हतीच, कारण त्या काळी नावाला आठच इंग्रजी अक्षरं मिळत. आमच्या भागात पाटलांना तोटा नाही, त्यामुळे निम्म्या फायलींची नावं पाटील आणि पुढे आकडा. प्रोग्रामचं इंग्रजी नाव आम्हाला धड उच्चारता येईना. मी त्याला हुडक्या म्हणायला लागले आणि तेच नाव रूढ झालं.

हुडक्याला काम सांगण्यातही एक खुबी होती. सगळ्यांच्या पत्रिकेत असतं ते टाकून उपयोग नाही. त्या एका घराकडेच असेल असं काहीतरी टाकायचं. एखाद्या मामाचं आडवळणी नाव, करवलीचं लाडकं नाव, हळदीच्या बॅन्डवाल्याचं गाव. गिऱ्हाईक बोलत असताना मी तेवढंच कानात साठवायची. दापोड्याचे हासुरामदादा धाकटीच्या लग्नाचं सांगायला आले, आणि ते खुर्चीत बसेपर्यंत थोरलीची पत्रिका मी पडद्यावर आणली होती. ते पडद्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले.

"ताय, तू माजी पोर इसरली न्हाईस!" म्हणाले. मी हुडक्याचं नाव सांगितलं नाही.

या पत्रिकांबद्दल बाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. आमच्या खाडीकाठच्या गावांतली लग्नपत्रिका ही दोन कुटुंबांची नसते, ती अख्ख्या गावाची असते. निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, मित्रमंडळ, अशी नावांवर नावं. कोण कुणाच्या वर छापलं गेलं याला मान असतो आणि कोण गळलं याचा राग पिढीभर टिकतो. मागची पत्रिका हाताशी असणं म्हणजे तो सगळा मानपान पुन्हा नव्याने न भांडता हाताशी असणं. हुडक्या माझ्यासाठी ते सांभाळत होता. सात-आठ वर्षं मी त्याच्या जिवावर काम केलं.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा काकांनी नवं मशिन आणलं. रंगीत पडदा, माऊस, विंडोज, सुंदर वळणदार अक्षरं. पत्रिका आता पडद्यावरच छापल्यासारखी दिसायची. काका खूश, गिऱ्हाईक खूश. नाडकर्णींनी जुन्या मशिनमधल्या सगळ्या फायली नव्यात भरून दिल्या आणि जुनं मशिन सुट्या भागांसाठी घेऊन गेले. मी त्यांना हुडक्यालाही नव्या मशिनवर चढवायला सांगितलं.

"चढवतो," नाडकर्णी म्हणाले, "पण ताई, तो आता जुना झाला. ज्याने बनवला त्याने नवा काढणं बंद केलंय. त्याचा नाद सोडा."

मी नाद सोडला नाही. हुडक्या नव्या मशिनवर चालू झाला, नेहमीसारखा भराभर ओळी सरकवत गेला आणि शेवटी म्हणाला, सापडलं नाही. पहिल्यांदा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मग लक्षात आलं की ते मराठीचं कार्ड गेल्यामुळे त्याला मराठी शब्द देताच येत नव्हता. मी टाकत होते एक आणि त्याला दिसत होतं भलतंच. नव्या फायली तर त्याला वाचताच येत नव्हत्या. नवी अक्षरं म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेला मराठी वेष. वेष उतरवला की 'पाटील'च्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. आणि जुन्या फायली उघडल्या की पडद्यावर चौकोन आणि आडव्या-उभ्या रेघा. सगळा मजकूर मशिनमध्ये होता. पण मुका.

हुडक्या सरळ म्हणाला असता, मला जमत नाही, तर मला इतकं लागलं नसतं. पण तो शांतपणे "सापडलं नाही" म्हणायचा, जणू ते कधी नव्हतंच. त्या उत्तराने माझं डोकं फिरायला लागलं. घरी पोळ्या लाटताना मनात तेच. अमक्याची पत्रिका आहे, मी केली आहे, माझ्या हाताने नावं टाकली आहेत. यजमान म्हणायचे, "करपली बघ." मी तवा उतरवायची आणि पुन्हा तिथेच.

पहिला फटका हासुरामदादांनाच बसला. मुलाच्या लग्नाची पत्रिका करायला ते आले आणि मागची मिळेना. शेवटी त्यांनी आठवून आठवून नावं सांगितली, मी टाकली. पत्रिका वाटल्या गेल्या. लग्न झाल्यावर दादा आले ते दारातच उभे राहिले.

"ताय, तुजे मशिनीनं माजा मामा खाल्ला."

"काय झालं दादा?"

"सख्खा मामा. नाव ऱ्हायला. हळदीला आला न्हाय, घराच्या वट्यावर बसून ऱ्हायला. नवऱ्याच्या बापाला जाऊन पाया पडायला लागलं."

रफीकभाई मशिनमागून हसले. दादाही हसले. मला हसू आलं नाही.

त्या दिवसापासून मी हुडक्याच्या बदल्यात दुसरा शोधायला लागले. नव्या मशिनची स्वतःची एक शोधायची सोय होती. पडद्यावर भिंग गोल गोल फिरायचं. ती फाईलचं नाव छान शोधायची, आतल्या मराठीपुढे मात्र हात टेकायची. मग कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर मिळालेली सीडी मी काकांकडून मागून घेतली. त्यात असे प्रोग्राम ढिगाने होते. एकाने आधी सगळ्या मजकुराची सूची करावी लागेल म्हणून दुपारभर मशिन अडवलं, सूची होत आली आणि लाईट गेली. एक दर वेळी मशिन बंदच पाडायचा. एक फार देखणा होता, त्याला इंग्रजी सोडून दुसरी भाषा जगात आहे हे माहीतच नव्हतं. मी एक चढवायची, एक उतरवायची. काका एकदा वैतागले.

"सुनंदा, हे काय चाललंय तुझं? नवी कामं पडलीयत. जुना मजकूर हवाय कशाला? मी तर म्हणतो पुसून टाक, जागा तरी होईल."

"काका, पुसायचं नाही," मी म्हणाले. एवढ्या मोठ्याने म्हणाले की रफीकभाईंनी मशिन थांबवलं. मी काकांशी त्या सुरात कधी बोलले नव्हते. ते आत गेले. संध्याकाळी जाताना एवढंच म्हणाले, "बरं. ठेव."

मुन्ना चाचांचं प्रकरण त्यानंतरचं.

रफीकभाई एक दिवस उशिरा आले, आले ते थेट माझ्या टेबलाशी. त्यांच्या मोहल्ल्यात मुन्ना चाचा म्हणून एक म्हातारे लूम कामगार राहत. यूपीचे. आयुष्य भिवंडीत गेलेलं. लूमवर उभे असताना त्यांना लकव्याचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं.

"ताई, डॉक्टर बोलते हैं घरवालों को बुलाओ. घर किधर है किसी को मालूम नहीं."

"खोलीतले सोबती?"

"सब नए लड़के हैं. एक बोलता है ज़िला बस्ती, एक बोलता है आज़मगढ़. जो गाँववाले थे वो कबके सूरत चले गए. शेठ के मस्टर पे भी मुन्ना ही लिखा है. असली नाम अल्ला जाने."

"चाचांना लिहून दाखवता येत नाही?"

"अनपढ़ हैं. बस रोते हैं. बायाँ हाथ उठाके कुछ बोलने को देखते हैं."

मग ते मुद्द्यावर आले. काही वर्षांपूर्वी चाचांनी मुलीच्या निकाहची पत्रिका आमच्याकडेच छापून घेतली होती, हिंदीत. गावी वाटायची पत्रिका भिवंडीहून छापून न्यायची, ही त्या लोकांची हौस. बाप परमुलखात कमावतो याची ती खूण. आणि निकाह गावी होता, म्हणजे पत्रिकेवर गावाचा पत्ता असणार.

रफीकभाईंनी नमुन्यांचे गठ्ठे उपसून पाहिले होते. त्या सालचे वाळवीने खाल्ले होते. ऑर्डरच्या वहीत होतं फक्त 'मुन्ना, निकाह कार्ड'. उरलं होतं ते माझं मशिन.

मला त्या क्षणी हुडक्याचा जो राग आला तो एखाद्या माणसाचाही कधी आला नव्हता. फाईल माझ्यासमोर होती. माझ्या गुडघ्याशी त्या डब्यात होती. आणि एक माणूस पलंगावर पडून गावाचं नाव सांगता येत नाही म्हणून रडत होता. मी एकेक फाईल उघडायला घेतली. चौकोन आणि रेघा. पुढची. चौकोन आणि रेघा. काका मागे येऊन उभे राहिले.

"असं किती दिवस करशील?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच फोन उचलून नाडकर्णींना लावला.

नाडकर्णी दुसऱ्या दिवशी आले. या वेळी त्यांनी नाद सोडा म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं, खिशातून एक फ्लॉपी काढली.

"हा एक बघा. मुंबईच्या बाजारात एकाकडे मिळाला. दिसायला काही नाही, पण यात एक सोय आहे. शब्दाऐवजी आकडे टाकून शोधता येतं."

"आकडे कसले?"

ते माझ्या शेजारी बसले आणि कागदावर काढून दाखवायला लागले. मशिनला अक्षर कळत नाही, ते म्हणाले. प्रत्येक अक्षराला आत एक आकडा असतो. जुन्या कार्डाने 'क'साठी जो आकडा ठेवला तोच त्या फायलीत अजून आहे. पडद्याला तो मराठीत दाखवता येत नाही, एवढंच. "आकडे हलले नाहीत ताई. आपण आकडेच शोधू." जुन्या कार्डाबरोबर आलेला अक्षर-आकड्यांचा तक्ता त्यांच्या घरी पडलेला होता, तोही घेऊन आले होते.

इतकी वर्षं मी अक्षरांतच वाढले होते, शिशाच्या आणि पडद्यावरच्या. त्यांच्या आत आकडे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तक्ता पुढ्यात ओढला.

पण शोधायचं काय? 'मुन्ना' तर पत्रिकेवर नसणार. 'निकाह' टाकलं तर आमच्या गावात शेकड्यांनी. मुलीचं नाव रफीकभाईंना आठवेना. मी म्हटलं, "रफीकभाई, असं काहीतरी आठवा जे दुसऱ्या कुणाच्या कार्डावर नसेल. कागद, रंग नको. शब्द."

ते मशिनला टेकून डोळे मिटून उभे राहिले. मग एकदम टाळी वाजवली.

"ताई! आपका झगड़ा हुआ था उनसे. 'जलूल' पे!"

आणि मलाही आठवलं. यूपीकडच्या पत्रिकांवर खाली घरातल्या लहानग्याच्या बोबड्या बोलात एक ओळ घालतात. चाचांनी आपल्या धाकट्या मुलाच्या नावाने ती घालायला सांगितली होती, 'मेली आपा की छादी में जलूल जलूल आना'. मी ती शुद्ध करून 'जरूर' केली होती. रफीकभाईंनी प्रूफ वाचून दाखवल्यावर चाचा दारातल्या स्टुलावरून उठून आत आले होते. "नहीं बेटी, जलूल. बच्चे की ज़बान है, उसको मत सुधारो."

ज, ल, दीर्घ ऊकार, ल. मी तक्त्यावरून आकडे टाकले. तो प्रोग्राम करड्या रंगाचा, एक चौकट आणि एक बटण, कसलं भिंग नाही की चित्र नाही. बटण दाबलं. मशिन आतून करकरत राहिलं. आम्ही चौघे उभे. बाहेर लूम चालू होते पण मला त्यांचा आवाज आल्याचं आठवत नाही.

मोजक्या फायली आल्या. पहिली एका गुप्तांच्या लग्नाची निघाली. दुसरीतल्या आकड्यांची मी तक्त्यावरून अक्षरं लावायला घेतली. पेन्सिलीने, एकाखाली एक. वरच नाव लागलं, अब्दुल मन्नान.

"मन्नान," रफीकभाई म्हणाले. "मन्नान से मुन्ना. हमने ही बिगाड़ा."

मुलगी नूरबानो. मग मुक्काम. ब. र. ग. द. व. काना. बरगदवा. खाली पोस्ट, तहसील, जिल्हा गोंडा. सोबत्यांचे दोन्ही अंदाज चुकलेले. मी पेन्सिल ठेवली. वैद्यकाकांनी तो कागद उचलला, स्वतःच्या अक्षरात पत्ता लिहून घेतला आणि तार करायला पोस्टात गेले. त्यांचं वय आणि गुडघे पाहता रफीकभाई म्हणत होते मी जातो, पण काकांनी ऐकलं नाही.

संध्याकाळी मी आणि रफीकभाई दवाखान्यात गेलो. मी चाचांना ओळखलं नसतं. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, डोळे छताला. रफीकभाईंनी कानाशी जाऊन सांगितलं, "चाचा, कार्डवाली ताई आई हैं." मी कागद काढून वाचायला सुरुवात केली. अब्दुल मन्नान म्हटल्यावर डोळे माझ्याकडे वळले. बरगदवा म्हटलं आणि त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. घट्ट. मी सगळी पत्रिका वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि या वेळी 'जलूल'च म्हटलं. चाचांच्या घशातून एक आवाज आला. रफीकभाई म्हणाले ते हसले. मला तसं नक्की सांगता येणार नाही.

मुलगी आणि जावई येईपर्यंत मी शांत नव्हते. तार पोचली असेल का, गाव तेच असेल का, ती माणसं अजून तिथेच असतील का. नूरबानो आली ती आधी दवाखान्यात, मग छापखान्यात. तिने आभाराचे शब्द फारसे काढले नाहीत. इकडेतिकडे बघून विचारलं, "बाजी, अब्बू ने कार्ड यहीं बैठके बनवाया था?"

मी दारातलं स्टूल दाखवलं. ती त्यावर जाऊन बसली. जावई उभाच होता. बराच वेळ बसून ती उठली आणि ते गेले. चाचा तिच्याबरोबर गावी गेले. पुढे रफीकभाईंकडून कळायचं, काठी घेऊन चालतात, दोनचार शब्द बोलतात. काही वर्षांनी गेले, पण घरच्यांत गेले.

हुडक्याला मी त्याच आठवड्यात मशिनवरून काढलं. करड्या प्रोग्रामवर हात बसवला. नव्या अक्षरांच्या इंग्रजी चिवड्याचाही एक तक्ता मी हळूहळू तयार केला, म्हणजे जुनं आणि नवं दोन्ही शोधता यायला लागलं. हासुरामदादांच्या जुन्या पत्रिकेतला मामाही सापडला. काकांनी पुन्हा पुसायचं नाव काढलं नाही. वाटलं, आता जीव थाऱ्यावर येईल.

पण चाचांची गोष्ट गावात फिरली. लोक यायला लागले. अंबाडीच्या एका मास्तरांना त्यांच्या जुन्या संस्थेच्या अहवालातली एक प्रस्तावना हवी होती, ती मिळाली. एकाला आपल्या आजोबांचं खरं नाव काय होतं ते आजोबांच्या उत्तरकार्याच्या कार्डावरून हवं होतं, तेही मिळालं. आणि एके दुपारी राहनाळच्या चांगुणाबाई आल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. खुर्ची दिली तरी जमिनीवर बसल्या.

"बाय, तुजे मशिनीत सगल्यांची नावां हायेत म्हनं. माजा पोऱ्या बघ. रोहिदास. घरातून रागानं गेला. दोन दिवाल्या जाल्या."

"मावशी, मशिनमध्ये फक्त आम्ही छापलेल्या पत्रिका आहेत हो. तो कुठे आहे ते कसं कळणार?"

त्यांनी याचा विचार आधीच केलेला होता. "कुनाच्या तरी लग्नाला जाईल ना? दोस्तांची नावां छापतात. त्यात त्याचा नाव येल. मंग कुनाचा लगीन ता बघून मी त्या घरी जाईन."

आमच्या भागात मित्रमंडळाची नावं छापतात हे खरं. बाईंचं म्हणणं काही वेडगळ नव्हतं. मी त्याचं नाव आणि आडनाव टाकलं. ऱ्हस्व-दीर्घ बदलून टाकलं. जुन्या आकड्यांनी आणि नव्या चिवड्यानेही टाकलं. रोहिदास निघाले, पण एक म्हातारा, एक शाळकरी, एक त्यांच्याच भावकीतला. तो गेल्यानंतरच्या पत्रिकांत कुठेच नव्हता.

पूर्वी हुडक्या नाही म्हणायचा तेव्हा मला चीड यायची, कारण ते खोटं असायचं. आता माझ्याकडे असा प्रोग्राम होता की त्याचं नाही हे नाहीच असायचं. आणि ते मला त्या बाईंना सांगायचं होतं.

"नाही मावशी."

 त्यांनी पिशवी उचलली. "नसंल आज. पन तू रोज नवीन नावां टाकतेस ना?"

"टाकते."

"मंग मी येन परत."

त्या येत राहिल्या. लग्नाचा मोसम संपत आला की यायच्या, जमिनीवर बसायच्या, आणि मी शोधायची. माझ्याकडे सांगायला दुसरं काही नसे, त्यांनीही दुसरं काही मागितलं नाही. एका वर्षी त्या आल्याच नाहीत. राहनाळच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं, नजर गेली, लेकीकडे राहायला नेलंय. मुलाचं काही कळलं का म्हणून मी विचारलं. त्याने नकाराची मान हलवली.

त्या मोसमाच्या शेवटी कुणी न सांगता मी रोहिदास टाकला. मशिन करकरलं. नाही. दारात एक गिऱ्हाईक उभं होतं, हातात नावांचा लांबलचक कागद, "ताई, मागच्यासारखंच करा" म्हणत. मी कागद घेतला आणि टाकायला बसले. इतकी वर्षं मी नावं टाकत आले, बोटं आपोआप चालायची, डोळ्यांना वाचावं लागत नसे. त्या दिवशी मी मित्रमंडळातलं प्रत्येक नाव वाचून टाकलं.